आत्याच्या पाठीतली बुक्की

"इथून पुढं माझ्यादेखत कुणाची मरायची टाप नाही!"

शनिवारी संध्याकाळी कोल्हारच्या घराच्या उंबऱ्यात उभं राहून, पायातले बूटही न काढता, कल्याणनं ही घोषणा केली. एका खांद्याला बॅग आणि हातात लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. ते त्यानं असं धरलं होतं की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता यावं. केशरबाई ओसरीवर दहा किलो हरभरे निवडत बसल्या होत्या. उद्या नातीचं बारसं, बारशाला घुगऱ्या, आणि घुगऱ्यांना हरभरे. त्यांनी मानही वर केली नाही.

"आता काय शिकून आलास?"

त्या 'आता'मध्ये आईचं काळीज किती धडधडत होतं, हे समजायला दोन वर्षं मागं जावं लागेल.

कल्याण सुप्याच्या एका कारखान्यात लाइन सुपरवायझर. वय एकोणतीस, बिनलग्नाचा, सावेडीत खोली करून राहायचा आणि कंपनीच्या बसनं जाऊन-येऊन नोकरी करायचा. कारखान्यात दर चार-सहा महिन्यांनी कसलं ना कसलं प्रशिक्षण निघायचं. "कोण येणार?" असं साहेबांनी विचारायच्या आत कल्याणचा हात वर! दोन वर्षांपूर्वी असंच आग विझवण्याचं प्रशिक्षण झालं आणि त्याच आठवड्यात त्याच्या धाकट्या बहिणीचं, आरतीचं लग्न होतं. कल्याण सकाळपासून लाल नळकांडं घेऊन मांडवाच्या खांबापाशी उभा. भटजींनी होमात जरा सढळ हातानं तूप सोडलं, ज्वाळा कमरेएवढी उठली आणि कल्याणनं पिन ओढली.

फस्स्स!

होम विझला. नवरदेव पांढरा झाला, नवरी पांढरी झाली, 'स्वाहा' म्हणायला उघडलेलं भटजींचं तोंड पांढरं झालं. आणि राहुरीच्या विहीणबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच नेसलेली जांभळी पैठणी... जाऊ द्या. लग्न लागलं, पण राहुरीकरांनी त्या दिवसापासून कोल्हारच्या घरात पाण्याचा घोट घेतला नव्हता. दोन वर्षं आरती माहेरी यायची ती एकटी, जायची ती एकटी. सासरी कुठं चूल जरी धुरकटली तरी सासूबाई म्हणायच्या, "बोलवा हिच्या भावाला!"

आता आरती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली होती आणि सव्वा महिन्यानं बारसं घातलं होतं. आत्याशिवाय नाव ठेवता येत नाही, म्हणून बाळाची आत्या, पंकजाताई, स्वतःच्या आईला कशीबशी तयार करून उद्या घेऊन येणार होत्या. उद्याचा दिवस नीट पार पडला तर आरती लेकीला घेऊन ताठ मानेनं सासरी जाणार. नाही पडला, तर तिला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

"जीव वाचवायचं शिकून आलोय!" कल्याण म्हणाला. "हृदय बंद पडलं तरी चालू करायचं! मोठा माणूस, लहान पोर, तान्हं बाळ, तिघांचं वेगवेगळं असतं. थांब, दाखवतो."

"नको दाखवू."

पण त्यानं गव्हाचं पोतं ओसरीवर आडवं केलंच. गुडघे टेकून, कोपरं सरळ करून, एकावर एक हात ठेवून त्यानं पोत्याच्या छातीत दणके द्यायला सुरुवात केली.

"मोठ्या माणसाला दोन्ही हात! छातीच्या मधोमध तळहाताची टाच. दोन इंच खाली दाबायचं आणि पूर्ण सोडायचं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस! तीस वेळा दाबायचं आणि दोनदा तोंडानं श्वास द्यायचा."

"दादा, गहू सांडतोय," आतून आरती म्हणाली.

"लहान पोराला एका हातानं भागतं." त्यानं उशी घेतली. "आणि तान्ह्या बाळाला नुसती दोन बोटं. आधी तळपायावर टिचकी मारून बघायचं, हालचाल करतं का. श्वास देताना नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात, आणि गालात मावेल एवढीच फुंकर."

बाळाएवढं काय मिळेल म्हणून तो घरभर शोधत सुटला. देवघरापुढं पाटावर वरवंटा ठेवलेला होता. धुऊन, हळदकुंकू लावून, कुंची घालून तयार! बारशाला आधी वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरवायचा आणि मग बाळाला पाळण्यात घालायचं, ही रीत. कल्याणला दुसरं काय हवं होतं?

थोड्या वेळानं केशरबाई दिव्यात तेल घालायला आत गेल्या तर लेक मांडी घालून बसलेला, मांडीवर वरवंटा, आणि तो वरवंट्याच्या तोंडाला तोंड लावून हळूच फुंकर घालतोय.

"अगं बाई गं! पोरगं वरवंट्याचं मुकं घेतंय!"

आरती इतकी हसली की पोटाला हात धरून खाली बसली. केशरबाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी वरवंट्याचं कुंकू नीट केलं आणि लेकाला बोट दाखवून सांगितलं, "हे बघ कल्याण. तू लई हुशार हायेस. पर उद्या हुशारी न्हाई दाखवायची. उद्या राहुरीची मान्सं येनार हायेत."

"आई, मी काय वेडा आहे का?"

केशरबाईंनी वरवंटा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत कल्याणनं खरोखर काही केलं नाही. मग त्याला अंगणात त्याचे वडील दिसले.

आसाराम पहाटे चारपासून पाणी भरणं, मांडवाला माणसं लावणं, असल्या कामात होते. दहाला त्यांनी आंघोळ केली, कानातलं यंत्र खिशात टाकलं आणि बाजेवर जरा आडवे झाले. तोंड उघडं, एक हात बाजेखाली लोंबतोय. कल्याण थबकला. प्रशिक्षणात शाहबाज सरांनी बजावलं होतं, 'झोपलाय' असं समजून पुढं जाऊ नका, खात्री करा!

"बाबा! बरे आहात का?" त्यानं खांदे थोपटून विचारलं.

यंत्र खिशात. उत्तर कुठून येणार?

"बाबा!!"

काही नाही. आता दहा सेकंद श्वास बघायचा. कल्याणनं वडिलांची हनुवटी वर केली, गाल त्यांच्या नाकापाशी नेला आणि मोजू लागला. एक, दोन, तीन... आसारामांची एक खोड होती. घोरता घोरता ते मध्येच श्वास अडवायचे. सहा... सात... आठ... कल्याणच्या कपाळाला घाम फुटला. नवव्या सेकंदाला अडलेलं घोरणं त्याच्या कानातच फुटलं, आसाराम दचकून जागे झाले, आणि एका बोटाच्या अंतरावर कुणाचं तरी तोंड बघून त्यांनी जी थप्पड ठेवून दिली ती थेट स्वयंपाकघरात ऐकू गेली.

"कोन हाय रं?"

"मी आहे बाबा, कल्याण! तुमचा श्वास बघत होतो!"

"काय बसत हुतास? जा, खुर्च्यावर बस!"

गाल चोळत कल्याण मांडवाबाहेर आला. बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? पण मांडववाल्या चांदभाईंचा टेम्पो रस्त्याकडेला उभा होता आणि टेम्पोखालून दोन पाय बाहेर आलेले. निश्चल. कल्याणनं हाक मारली, "चांदभाई!" पाय हलले नाहीत. त्यानं घोटे धरले आणि एका दमात चांदभाईंना बाहेर ओढलं. चांदभाईंचे डोळे मिटलेले, चेहरा काळानिळा!

खरा प्रकार असा होता की चांदभाई सायलेन्सर तारेनं बांधत होते. काळानिळा रंग ऑइलचा होता. डोळ्यांत माती पडत होती म्हणून ते मिटलेले. आणि तार दातात धरलेली, म्हणून त्यांना बोलता येत नव्हतं. पण हे कल्याणला कोण सांगणार? त्याला शाहबाज सर दिसत होते. 'कुणीतरी फोन करा' असं कधी म्हणू नका, सगळे एकमेकांकडे बघत बसतात. एका माणसाकडे बोट दाखवा!

समोर शेजारचे गोरक्षभाऊ मोबाईल बघत उभे होते.

"गोरक्षभाऊ, तुम्ही! एकशे आठला फोन लावा आणि मला येऊन सांगा!"

गोरक्षभाऊंचा स्वभाव असा की सांगितलेलं काम अर्धवट सोडायचं नाही आणि न सांगितलेलं काम करायचं नाही. ते लगेच बाजूला गेले. इकडं कल्याण छातीवर हात ठेवतोय तोच चांदभाईंनी तार थुंकली.

"अरे कल्ल्या, काय करतो काय! गुदगुल्या होत्यात ना!"

"चांदभाई, तुम्ही जिवंत आहात?"

"कालपर्यंत तर हुतो! माझं अर्धं बांधून झाल्तं की रे!"

एवढ्यात गोरक्षभाऊ परत आले. "लावला. गाडी येतीय."

"अहो, आता नको! बंद करा!"

"लाव म्हनला, लावला. बंद कर असं कुठं म्हनला व्हता?"

दुसरा फोन होईपर्यंत उशीर झाला. गाडी जवळच होती. सायरन वाजवत ती गल्लीत शिरली, आणि तिच्या बरोब्बर मागं राहुरीची जीप!

पुढं सायरन आणि त्याच दारात गर्दी! हे बघून विहीणबाईंनी जीपमध्येच हंबरडा फोडला. पंकजाताई चालत्या जीपमधून उतरल्या आणि अनवाणी धावत आत गेल्या. बाळ पाळण्यात मजेत मूठ चोखत होतं. बाहेर गाडीतल्या डॉक्टरांनी कल्याणला चांगलंच फैलावर घेतलं. "इथं येईपर्यंत खरंच कुणाला गरज लागली असती तर?" कल्याणनं हात जोडले. त्याला खरोखर वाईट वाटलं. दाराशी उभ्या असलेल्या विहीणबाईंनी सगळं ऐकलं आणि जावयाच्या आईला शोभेल अशा आवाजात म्हटलं, "ह्या घरात पाणी तरी प्यावं की नाही, देव जाणे!"

केशरबाईंनी लेकाचं मनगट धरलं आणि त्याला चुलीपाशी नेलं. तिथं घुगऱ्यांचं मोठं पातेलं होतं.

"तुला तुझ्या भाचीची आन हाय. आज कुनाला हात लावायचा न्हाई. तुझा एक हात पळीवर, एक पातेल्यावर. बायांना घुगऱ्या वाढायच्या. तिसरं काम न्हाई."

आरतीही मागून आली होती. तिचे डोळे भरलेले. "दादा, आजचा एकच दिवस. मला तिथं जन्म काढायचाय रे."

ते मात्र कल्याणच्या काळजाला लागलं. त्यानं मुकाट्यानं पळी उचलली.

बारा वाजता बारसं सुरू झालं. खोलीत तीसएक बाया आणि एकटा कल्याण, पातेल्यासकट. वरवंटा झाला, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं. पंकजाताई पाळण्याच्या डोक्याशी उभ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गावर होत्या त्या, आणि त्यांचा आवाज असा की वर्गात पाढे म्हणायला लागल्या की बाजारातला भाजीवालाही 'बे दुणे चार' म्हणायचा. सकाळपासून नुसत्या चहावर होत्या. नाव ठेवल्याशिवाय जेवण नाही, आणि कल्याण घमघमीत घुगऱ्या घेऊन पुढ्यातच उभा. त्यांनी मूठभर घुगऱ्या तोंडात टाकल्या आणि तशाच पाळण्यात वाकल्या. बाळाच्या कानाशी तोंड नेलं.

"कुर्रर्रर्र..."

आणि धडाधड बुक्क्या पडल्या! आत्यानं कानात 'कुर्र' केलं की बाकीच्यांनी तिच्या पाठीत बुक्क्या घालायच्या, ही बारशाची खरी गंमत. पोरी-बाळी, म्हाताऱ्या, ज्यांचा कधी संबंध नाही त्यासुद्धा हात साफ करून घेतात. गोरक्षभाऊंच्या झुंबरबाई तर त्यासाठीच आलेल्या. चांदभाईंच्या बिबीजान, ज्यांनी अर्ध्या कोल्हारच्या बाळंतिणी चोळल्या, त्यांनीही दोन ठेवून दिल्या.

पंकजाताई सरळ झाल्या. तोंड उघडं. दोन्ही हात गळ्याला.

"बघा बघा, कसं सोंग करतीय!" कुणीतरी म्हणालं.

"घाला आजून दोन!"

हसण्याचा कल्लोळ झाला. पुन्हा बुक्क्या. पण कल्याणच्या हातातली पळी थांबली. पंकजाताईंचा आवाज येत नव्हता. खोकला नाही, हूं नाही, चूं नाही. ज्या बाईचा आवाज बाजारापर्यंत जातो ती बाई गप्प! शाहबाज सर म्हणाले होते, 'खोकतोय त्याला खोकू द्या. ओरडतोय तो बरा आहे. गळा धरून गप्प झालाय, त्याच्याकडे धावा.'

त्यानं आईकडं पाहिलं. केशरबाईंनी डोळ्यांनीच सांगितलं, न्हाई! त्यानं आरतीकडं पाहिलं. मग पुन्हा पंकजाताईंकडं. त्यांचे ओठ निळे पडत चालले होते, आणि हे ऑइल नव्हतं.

पळी खाली पडली.

"सरका! ताई, घास अडकलाय का?"

पंकजाताईंनी जोरजोरात होकारार्थी मान हलवली. कल्याणनं त्यांना एका हातानं पुढं वाकवलं आणि दुसऱ्या तळहाताच्या टाचेनं पाठीच्या दोन फऱ्यांच्या मधोमध थाप हाणली. एक! दोन! बाया किंचाळल्या. वहिनीच्या भावानं नणंदेच्या पाठीत घालायची रीत कुठल्याच गावात नव्हती. तीन! चार! पाच! काही निघेना. मग तो मागं गेला, दोन्ही हातांनी विळखा घातला, बेंबीच्या वर मूठ रोवली आणि आत-वर, आत-वर झटके द्यायला लागला.

"अरे मेल्या! सोड माझ्या पोरीला!" विहीणबाईंनी आहेराचा स्टीलचा डबा उचलला आणि कल्याणच्या पाठीत घालायला सुरुवात केली. तो पंकजाताईंना झटका देतोय, विहीणबाई त्याला डबा देताहेत, आणि मागून केशरबाई विहीणबाईंच्या विनवण्या करताहेत!

चौथ्या झटक्याला 'फट्' असा आवाज झाला. एक अख्खा हरभरा पंकजाताईंच्या तोंडातून सुटला आणि समोर उभ्या झुंबरबाईंच्या कपाळावर, कुंकवाच्या जरा वर जाऊन बसला.

मग एक लांब, घोगरा श्वास. मग खोकला. मग पंकजाताई रडू लागल्या, आणि बाळानंही भोकाड पसरलं. कल्याणला वाटलं होतं, असं काही केल्यावर अंगात हत्तीचं बळ येत असेल. तो चक्क खालीच बसला.

"चला गं, उठा!" विहीणबाईंनी पंकजाताईंचा हात धरला. "दोन वर्षांपूर्वी होम विझवला, आज माझी पोरगी विझवली असती!"

पंकजाताई हातानं 'थांब' अशी खूण करत होत्या, पण त्यांच्या घशातून नुसती शिट्टी येत होती. त्यांनी आरतीच्या कानाशी लागून कसंबसं नाव सांगितलं. राजनंदिनी. त्यात कल्याण बसल्या जागेवरून म्हणाला, "ताईंना लगेच डॉक्टरकडं न्या. पोटाला दाब दिलाय, तपासायला पाहिजे." हे अगदी बरोबर होतं, पण विहीणबाईंच्या कानाला ते वेगळंच लागलं. "म्हणजे इजा केलीच आहेस!" जीप निघाली ती सरळ दवाखान्यात. डॉक्टरांनी तपासलं, धोका नाही म्हणाले, पण घसा सुजलाय, दोन दिवस अजिबात बोलायचं नाही. जीप तिथूनच परस्पर राहुरीला गेली. पुरणपोळ्या राहिल्या, श्रीखंड राहिलं, पाण्याचा घोटही राहिला.

म्हणजे खरं काय झालं हे सांगू शकणारी एकच बाई, आणि तिला दोन दिवस तोंड उघडायची बंदी!

बाकीच्या जणींना कसलीही बंदी नव्हती. त्या पोटभर जेवल्या आणि तिसऱ्या पोळीपर्यंत निकाल लागला की पंकजाताई वाचल्या त्या बुक्कीनं. प्रश्न एवढाच, की कुणाच्या?

"हरभरा माझ्या कपाळावर आला की न्हाई? जिनं बुक्की मारली तिच्याकडंच येनार!" झुंबरबाई म्हणाल्या.

"तू तर समोर हुतीस," गोरक्षभाऊ दारातून म्हणाले. "पाठ मागं असती."

"माझा हात काय साधा हाय का?" बिबीजान म्हणाल्या. "चाळीस वर्सं बाया चोळत्येय. मला मारतानाच समजलं, आत काईतरी सुटलं म्हून."

"आन ह्यो कल्याण?"

"त्यो मधी कडमडला! पोरगी घाबरली त्याला."

कल्याणनं सांगून पाहिलं की बुक्क्यांच्या नादातच तर हरभरा श्वासनळीत गेला. कुणी ऐकून घेतलं नाही. एवढंच काय, केशरबाईसुद्धा म्हणाल्या, "आपल्या आज्ज्या-पणज्यांनी रीत काय उगंच पाडलीय व्हय?" ते ऐकून त्याला फार लागलं. जीव वाचवला तर लोक खांद्यावर घेतील, निदान चहा तरी विचारतील, असं त्याला वाटत होतं. आणि त्याहून जास्त लागत होतं ते आरतीचं गप्प राहणं. तिनं दोष दिला नाही की रागावली नाही. नुसती फोनकडं बघत बसायची. राहुरीहून फोन नव्हता. तिच्या नवऱ्याचा, अमृतरावांचा एक निरोप तेवढा आला होता, 'आई काहीच बोलत नाही.' कल्याणनं सुप्याला कळवून दोन दिवसांची रजा टाकली. अशा वेळी बहिणीला टाकून जाणं त्याच्यानं होईना.

मंगळवारी दुपारी बाया भांडी न्यायला जमल्या होत्या. झुंबरबाई, बिबीजान, सगळ्या. बुक्कीचा वाद तिसऱ्या दिवशीही ताजा होता. एवढ्यात आरतीचा फोन वाजला. पंकजाताई!

आरतीनं बाळाला दुसऱ्या हातावर घेऊन फोन उचलला. "ताई, कशा आहात?"

"बरी आहे. सगळे आहेत का तिथं? फोन मोठा कर."

आवाज घोगरा होता, पण चौथीचा वर्ग गप्प बसेल एवढा होता.

"मी एक्स-रे काढला," पंकजाताई म्हणाल्या. "बरगडीला चीर गेलीय. डॉक्टर म्हणाले, कुणाचा तरी हात फार जोरात बसलाय. आई इथंच बसलीय आणि ती विचारतेय, कुणाचा?"

दोघी-तिघींचे हात हळूच पदराआड गेले.

"म्या तर नुसता हात लावला बाई!" झुंबरबाईंनी सुरुवात केली. "मी समोरच हुते की! पाठ मागं असती!"

"माझ्या हातात तर संधिवात हाय," बिबीजान म्हणाल्या. "मूठसुदिक वळत न्हाई."

"मी बाहेर हुते."

"मी तर आलेच न्हवते!" हे म्हणणारी बाई बारशाचंच पातेलं कडेवर घेऊन उभी होती.

आणि मग सगळ्या बायांची बोटं एकाच दिशेला वळली. "ह्यानं! ह्या कल्याननंच केलं समदं! आमी डोळ्यांनी बघितलं!"

कल्याणनं आरतीकडं पाहिलं. तिनं लेकीला छातीशी घट्ट धरलं होतं आणि चेहरा पांढराफटक पडला होता. 'मी नव्हतो' म्हटलं असतं तर कदाचित सगळं बुक्क्यांच्या गर्दीत विरून गेलं असतं. तो फोनजवळ आला.

"मी, ताई. माझाच हात. इजा झाली त्याची माफी मागतो. काय बोलायचं ते मला बोला, आरतीला नको. पण खरं सांगतो, परत तसं झालं तर मी परत तेच करीन."

मग पंकजाताईंचा आवाज आला, पण इकडं नव्हे, बाजूला तोंड करून. "आई, ऐकलंस?"

मग त्या पुन्हा फोनवर आल्या.

"कल्याणराव, माझी बरगडी ठणठणीत आहे. एक्स-रे-बिक्स-रे काही नाही. वर्गात काम कुणी केलं हे कळेनासं झालं ना, की मी असंच विचारते. बक्षीस आहे म्हटलं की पन्नास हात वर येतात. शिक्षा आहे म्हटलं की एकच." त्या जरा थांबल्या. "मला श्वास येत नव्हता. मला वाटलं, संपलं. बाळाचं नावही सांगता येणार नाही. आईला दोन दिवस पाटीवर लिहून सांगत होते, तिला पटत नव्हतं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अजून दोन मिनिटं गेली असती तर अवघड होतं. तुमचे उपकार कसे फेडू?"

तेवढ्यात फोनवर खाकरल्याचा आवाज झाला. विहीणबाई!

"शनिवारी आम्ही येतोय. सुनेला आणि नातीला न्यायला," त्या म्हणाल्या. आणि मग जरा अडखळत, "जेवायलाच येतो. ताट वाढून ठेवा म्हणावं तुमच्या आईला. आणि... पाठ कशी आहे तुमची? डबा जरा जड होता."

"बरी आहे," कल्याण म्हणाला. बरी नव्हती, डब्याचं झाकण अजून पाठीवर उमटलेलं होतं. पण त्या क्षणी त्याला खरंच काही दुखत नव्हतं. फोन बंद झाला. आरती बाळासकट भावाच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली, आणि बाहेर आसारामांनी यंत्र कानात नीट बसवून "काय म्हनली? काय म्हनली?" असा धोशा लावला.

मग झुंबरबाईंनी हळूच विचारलं, "म्हंजी बरगडी शाबूत हाय?"

"शाबूत आहे," आरती म्हणाली.

"तरी म्या म्हनत हुते! माझी बुक्की अशी अलगद बसली हुती, बरगडीला धक्का न्हाई आन हरभरा बाहेर!"

"अलगद? चाळीस वर्सांचा हात हाय ह्यो!" बिबीजाननी संधिवाताची मूठ कचकन आवळून दाखवली.

"गप बसा गं समद्या!" केशरबाई कडाडल्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच कल्याणची मान वर झाली. आई कमरेला पदर खोचून मधोमध उभी होती आणि डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या लेकानं वाचवलंय तिला! ऐकलं न्हाई का फोनवर? त्याच्याच हातानं निघाला हरभरा!"

कल्याणला भरून आलं. आज आई म्हणाली! तो "आई..." म्हणून पुढं झाला.

"आन पाठीत कुठं, कशी, किती जोरात घालायची, हे त्याला लहानपनापास्नं दाखवलं कुनी?" केशरबाईंनी छातीवर हात ठेवला. "म्या!"